वजाबाकीचा हातचा आणि देशांची क्रमवारी

जगभरातल्या पंधरा वर्षांच्या मुलांची गणित, वाचन आणि विज्ञान या विषयांत चाचणी घेऊन देशांची क्रमवारी लावण्याचे काम ओईसीडी ही मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना २००० सालापासून करीत आली आहे. ‘पिसा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीच्या २०२२ च्या फेरीचा निकाल २०२३ च्या डिसेंबरात लागला, तेव्हा गणितात सिंगापूरला ५७५, जपानला ५३६, दक्षिण कोरियाला ५२७, एस्टोनियाला ५१० आणि संघटनेच्या सदस्य देशांना सरासरी ४७२ गुण मिळाले होते. वीस गुणांचे अंतर म्हणजे साधारण एका शालेय वर्षाचे अंतर, असा एक ढोबळ हिशेब त्यासोबत मांडला जातो. तो धरून चालले तर सिंगापूरचा मुलगा श्रीमंत देशांतल्या सरासरी मुलाच्याही पाच वर्षे पुढे आहे, असे म्हणावे लागते. हे आकडे वर्तमानपत्रात आले की पुण्यात त्यांच्यावर चर्चा होतेच, कारण प्रत्येक दुसऱ्या घरातले कोणी ना कोणी परदेशात असते आणि त्यांच्या मुलांच्या शाळांचे वर्णन आपण व्हिडिओ कॉलवर ऐकलेले असते.

या यादीत भारताचे नाव शोधणाऱ्याला ते सापडत नाही. २००९ च्या फेरीला जोडून पुढच्या वर्षी जी चाचणी झाली, तिच्यात तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये उतरली होती. त्यांना गणितात अनुक्रमे ३५१ आणि ३३८ गुण पडले. त्याच फेरीत शांघायला ६०० होते. आपल्या राज्यांच्या खाली फक्त किर्गिझस्तान होता. प्रश्न आपल्या मुलांच्या परिसराशी जुळणारे नव्हते, असे सांगून आपण पुढच्या फेऱ्यांतून अंग काढून घेतले. २०२२ साठी चंडीगड, केंद्रीय विद्यालये आणि नवोदय विद्यालये यांना बसवायचे ठरले होते, तेही शेवटी बारगळले. आक्षेपात अजिबात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही, परंतु ही दोन राज्ये आपल्याकडे शिक्षणात मागासलेली गणली जात नाहीत, उलट त्यांची उदाहरणे इतरांना दिली जातात. ही गोष्ट त्या आक्षेपाच्या गदारोळात बाजूलाच राहिली.

क्रमवारी म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हेही लगेच सांगितले पाहिजे. शांघायच्या गुणांवर अभ्यासकांनी शंका घेतली ती अशी की बाहेरगावाहून पोटासाठी आलेल्या कुटुंबांची मुले तिथल्या माध्यमिक शाळांत पुरेशी पोहोचतच नाहीत आणि म्हणून चाचणीत दिसत नाहीत. व्हिएतनामने २०१२ मध्ये गणितात ५११ गुण मिळवून अमेरिकेला मागे टाकले, तेव्हा तिथल्या पंधरा वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम निम्म्याहून थोडी अधिक मुले त्या चाचणीच्या कक्षेत होती. आणखी एक गमतीचा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या आणि शांघायमधल्या मुलांच्या हाती चाचणी सुरू होण्याच्या अगदी आधी पैसे ठेवले आणि सांगितले, की प्रत्येक चुकलेल्या उत्तरामागे त्यातले काही परत घेतले जातील. अमेरिकन मुलांचे गुण वाढले, शांघायच्या मुलांचे जिथल्या तिथे राहिले, कारण ती मुले तशीही जीव तोडूनच पेपर सोडवत होती. ज्या परीक्षेचे गुण प्रगतिपुस्तकात येत नाहीत ती किती मनावर घ्यायची, हेही देशोदेशी वेगळे असते. एवढी सगळी वजावट करूनही अंतर उरते, आणि त्याविषयीच बोलायचे आहे.

पैसा हे पहिले कारण कोणालाही सुचते आणि ते अर्धे खरे आहे. सहा ते पंधरा या वयात एका मुलावर होणारा एकूण खर्च साधारण ७५ हजार डॉलरपर्यंत वाढत जातो तोवर गुणही वाढत जातात, त्यापुढे मात्र खर्च आणि गुण यांचा संबंध जवळपास उरत नाही, असे २०२२ च्या निकालांतून दिसले. आपण त्या रेषेच्या फार खाली आहोत, तेव्हा पैसा लागत नाही असे आपल्याकडच्या कोणी म्हणू नये. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या शंभरांपैकी पस्तीस मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली होती. अशी मुले पहिलीच्या वर्गात येतानाच काही अंतर मागे असतात. परंतु व्हिएतनाम श्रीमंत नव्हता आणि नाही. ‘यंग लाइव्ह्ज’ या दीर्घ अभ्यासात इथिओपिया, पेरू, व्हिएतनाम आणि आपल्याकडचा तत्कालीन आंध्र प्रदेश येथील मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. पाच वर्षांच्या वयात व्हिएतनामची मुले आपल्या मुलांहून फार पुढे नव्हती. अंतर वाढत गेले ते शाळेत पाऊल टाकल्यानंतर. प्राथमिक शाळेचे एक वर्ष व्हिएतनाममध्ये मुलाला जेवढे शिकवते, तेवढे आपल्याकडे शिकवत नाही, असा त्याचा सरळ अर्थ निघाला, आणि मला तो घरची गरिबी, लोकसंख्या वगैरे सगळ्या नेहमीच्या सबबींपेक्षा अधिक अस्वस्थ करणारा वाटतो.

संस्कृती हे दुसरे कारण, आणि ते आपल्याला मनापासून आवडते, कारण संस्कृतीबद्दल कोणाला फारसे काही करावे लागत नाही. त्यात तथ्य मात्र आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतले मिनिआपोलिस, जपानमधले सेंदाई आणि तैवानची राजधानी तैपेई येथील प्राथमिक शाळांची तुलना झाली होती. त्या वेळी मुलांच्या आयांना विचारले गेले, की मूल गणितात चांगले किंवा वाईट का ठरते. अमेरिकन आयांनी उपजत बुद्धीला बरेच महत्त्व दिले; जपानी आणि तैवानी आयांचा भर मेहनतीवर होता. आपण स्वतःला पूर्वेकडचे म्हणवतो खरे, परंतु या बाबतीत आपला कल अमेरिकेकडे आहे. ‘हिला गणिताचं डोकंच नाही’, ‘आमच्या घराण्यातच गणित नाही’, ‘तो हुशार आहे, पण आळशी आहे’ ही वाक्ये मी सदाशिव पेठेतल्या वाड्यात ऐकली, कोथरूडच्या सोसायटीत ऐकली आणि पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतही ऐकली. शेवटच्या वाक्यात तर हुशारी ही दागिन्यासारखी कपाटात पडून राहू शकते, असा विश्वास आहे. ज्या घरात ‘डोकंच नाही’ असे ठरले, त्या घरात मुलीला वजाबाकी पुन्हा समजावून सांगण्याचे कारणच उरत नाही. पूर्व आशियाई वंशाच्या पालकांची ऑस्ट्रेलियात जन्मलेली मुले ऑस्ट्रेलियन शाळांत शिकूनही शांघायच्या तोडीचे गुण मिळवतात, हेही अभ्यासात दिसले आहे. म्हणजे घराचा वाटा मोठाच.

तरीही सगळा भार संस्कृतीवर टाकता येत नाही, कारण देशांची संस्कृती पाच-सहा वर्षांत बदलत नाही आणि गुण मात्र बदलतात. पोलंडला २००० मध्ये वाचनात ४७९ गुण होते, २००६ मध्ये ५०८ झाले. मधल्या काळात पोलिश आईबाप बदलले नव्हते. १९९९ च्या सुधारणेने सर्व मुलांना एकत्र, एकाच अभ्यासक्रमाने शिकवण्याचा काळ एका वर्षाने वाढवला होता आणि व्यवसायशिक्षणाकडे जाण्याची फाटाफूट तेवढी पुढे ढकलली होती. उलट फिनलंड घ्या. एके काळी जगभरचे शिक्षणमंत्री हेलसिंकीला यात्रेला जात असत. त्या देशाचे गणितातले गुण २००६ मध्ये ५४८ होते, ते २०२२ मध्ये ४८४ वर आले. पदव्युत्तर शिक्षण घेतलेले शिक्षक तेच, सर्वांना मिळणारे शाळेतले मोफत जेवणही तेच, आणि फिनलंडच्या माणसांचा स्वभावही बदलल्याचे कोणी म्हटलेले नाही.

इथे आणखी एक आकडा पाहावा लागतो, जो बातम्यांत सहसा येत नाही. पिसात एक किमान पातळी ठरवलेली आहे. साध्या व्यवहारात गणित वापरता येण्याची ती पातळी. २०२२ मध्ये ओईसीडी देशांतली सरासरी ३१ टक्के मुले तिच्या खाली राहिली. सिंगापूरमध्ये ८ टक्के, जपानमध्ये १२, एस्टोनियात १५. फिनलंडमध्ये हे प्रमाण २००६ साली ६ टक्के होते, ते २०२२ पर्यंत २५ टक्क्यांवर गेले. सिंगापूर आणि जपान यांच्याकडे वरच्या पातळीवरची मुलेही पुष्कळ असतात, हे खरेच. पण सरासरी उचलून धरणारा टेकू खालच्या बाजूला असतो. मी अनेक अहवाल वाचून आणि थोडे प्रत्यक्ष पाहून ज्या मतापर्यंत आले आहे ते असे, की देशांमधले अंतर हुशार मुलाला काय मिळते यापेक्षा एखाद्या मुलाला एखादी गोष्ट समजली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी काय होते यावर अधिक ठरते.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी महापालिकेच्या एका शाळेत पाचवीच्या काही मुलांना गणित शिकवायला जाऊ लागले. तिथल्या एका मुलीची वही पाहण्यासारखी होती. अक्षर मोत्यासारखे, समास आखलेला, प्रत्येक पानावर लाल शाईची बरोबरची खूण आणि तळाशी बाईंची सही. हातच्याच्या वजाबाक्या दोन पाने भरून, सगळ्या बरोबर. मी तिला पाठकोऱ्या कागदावर ४०२ वजा १७८ एवढेच गणित घातले. तिने पेन्सिल न अडखळता ३७६ लिहिले. चारातून एक गेला तीन. शून्य आणि सात यांचे सात. दोन आणि आठ यांचे सहा. तिने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता, कारण ‘लहानातून मोठा जात नाही’ हे वाक्य तिला पाठ होते आणि त्याचा अर्थ तिने आपल्यापुरता असा लावला होता. चूक आळसाची नव्हती, निष्काळजीपणाचीही नव्हती; तिच्यामागे एक नियम होता आणि तो ती इमानेइतबारे पाळत होती. मी विचारले, “चारशे दोन रुपयांतले एकशे अठ्ठ्याहत्तर खर्च झाले तर तीनशे शहात्तर उरतील का गं?” ती थोडी थांबली आणि म्हणाली, “पैशाचं असेल तर वेगळं होतं ना, बाई.” तिने बोटांवर मोजून दोनशे चोवीस सांगितले. वहीतले गणित आणि पैशाचे गणित या तिच्या लेखी दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या. वहीतली बरोबर उत्तरे फळ्यावरून उतरवलेली होती, आणि लाल खुणा त्या उतरवण्याला मिळालेल्या होत्या.

ही चूक जगभरची मुले करतात; तिच्यावर शोधनिबंध आहेत. पुण्याच्या मुलीने ती केली यात विशेष काही नाही. तिसरीत रुजलेला हा गैरसमज पाचवीच्या अखेरीपर्यंत कोणाच्याही लक्षात आला नव्हता, हे मात्र विशेष आहे. तिच्या वर्गशिक्षिका कामचुकार आहेत असे कोणी समजू नये. वर्गात चाळीसच्या पुढे मुले, शिवाय मतदारयाद्यांचे काम, सर्वेक्षणे, पोर्टलवर माहिती भरणे, शालेय पोषण आहाराच्या नोंदी. त्या मला एकदा चहा पिताना म्हणाल्या, “ताई, पोर्शन मागे राहिला तर मला विचारणारे दहा जण आहेत. पोरगी मागे राहिली तर विचारणारं कुणी नाही.” आपल्या शिक्षणव्यवस्थेचे याहून नेमके वर्णन मी कुठल्याही अहवालात वाचलेले नाही.

आता हीच मुलगी दुसरीकडे कुठे असती तर काय झाले असते, याचा विचार करून पाहावा. सिंगापूरमध्ये पहिलीत येतानाच मुलांची प्राथमिक चाचपणी होते आणि जी मुले वाचनात किंवा अंकओळखीत मागे दिसतात त्यांना लहान गटात, वेगळ्या प्रशिक्षित शिक्षकाकडे शाळेच्या वेळेतच बसवले जाते. तो देश परीक्षांच्या बाबतीत आपल्याइतकाच कडक आहे, किंबहुना अधिक. पण परीक्षेची शर्यत सुरू होण्याआधी तो सगळ्यांना सुरुवातीच्या रेषेवर आणून उभे करण्याची खटपट करतो. फिनलंडच्या सर्वसामान्य शाळेत साधारण पाचातले एक मूल केव्हा ना केव्हा विशेष शिक्षकाची मदत घेते. काही आठवडे, एखाद्या विषयापुरती, आणि मग परत वर्गात. इतक्या जणांना ती मिळत असल्यामुळे तिची लाज वाटत नाही. जपानमध्ये वर्ग मोठेच असतात. पूर्वी कमाल संख्या चाळीस होती, प्राथमिक शाळांसाठी ती पस्तीसवर आणण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला. तिथे मदत वेगळ्या खोलीत नेऊन दिली जात नाही, ती वर्गातल्या पाठाच्या आखणीतच गुंफलेली असते. १९९५ साली जर्मनी, अमेरिका आणि जपान येथील आठवीच्या गणिताच्या तासांचे चित्रीकरण करून तुलना झाली, तेव्हा जपानी तासात एखाददुसऱ्याच गणितावर सगळा वेळ घालवला जातो असे दिसले. मुले आधी स्वतः झगडतात, मग वेगवेगळ्या रीती फळ्यावर येतात, चुकीच्या रीतीसुद्धा. फळा डावीकडून उजवीकडे भरत जातो आणि तास संपेपर्यंत पुसला जात नाही, म्हणजे मध्येच मागे पडलेल्या मुलाला नजर वळवून पुन्हा मागच्या पायरीवर जाता येते. ३७६ हे उत्तर तिथे फळ्यावर आले असते आणि त्याच्यावर सगळ्या वर्गाने वाद घातला असता. शिवाय तिथल्या सरकारी शाळांतल्या शिक्षकांची ठरावीक वर्षांनी दुसऱ्या शाळेत बदली होते, त्यामुळे चांगले शिक्षक ठरावीक शाळांत साचून राहत नाहीत.

या देशांच्या पद्धती एकमेकींच्या विरुद्ध टोकाच्या आहेत. कोणी परीक्षा घेते, कोणी टाळते. कोणी गृहपाठ देते, कोणी देत नाही. म्हणूनच ‘फिनलंड मॉडेल’ किंवा ‘सिंगापूर मॉडेल’ आणून इथे लावू, असे शिबिरांतून ऐकले की मला त्यात दम वाटत नाही. आपण बहुधा त्यांचे पुस्तक आणतो, त्यांच्या फळ्याचा रंग आणतो, आणि न समजलेल्या मुलाकडे वळून पाहणारा माणूस तेवढा आणायचा राहतो.

वेगळे करण्याचे वय हीसुद्धा यातलीच बाब आहे. माझी भाची म्युनिकला राहते. तिच्या मुलाची चौथी संपत आली तेव्हा ती फोनवर सांगत होती, “मावशी, इथे चौथीतच ठरतं, पुढे विद्यापीठाच्या रस्त्याला जायचं की नाही. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तीन विषयांची सरासरी २.३३ पर्यंत असेल तरच गिम्नाझियमची शिफारस. आमच्या गल्लीतल्या सगळ्या आया सध्या रात्री झोपत नाहीत.” जर्मन पद्धतीत लहान आकडा म्हणजे चांगली श्रेणी, हे तिला मला आधी समजावून सांगावे लागले. दहाव्या वर्षी मुलांच्या वाटा वेगळ्या करणारा हा देश २००१ च्या डिसेंबरात पहिला पिसा निकाल वाचून हादरला होता. वाचनात ४८४ गुण, सरासरीच्या खाली. आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे घरच्या परिस्थितीचा गुणांवरचा पगडा सर्वाधिक असलेल्या देशांपैकी जर्मनी एक होता. स्वतःच्या शाळांविषयी फार अभिमान असलेल्या समाजाला तो धक्का बसला, आणि नंतर तिथे बालवाडीतील भाषाशिक्षण, दिवसभराच्या शाळा, सर्व प्रांतांसाठी समान शैक्षणिक निकष अशी बरीच हालचाल झाली. फिनलंडने हीच फाटाफूट १९७२ ते १९७७ या काळात, उत्तरेच्या लॅपलंडपासून सुरुवात करीत, टप्प्याटप्प्याने बंद केली होती.

भाचीचे ऐकून घरातले सगळे हळहळले, ‘इतक्या लहान वयात!’ म्हणाले. आपल्याकडे ही निवड चौथीपर्यंत थांबत नाही हे मात्र कोणाच्या बोलण्यात आले नाही. पुण्यात ती तिसऱ्या वर्षी होते, नर्सरीच्या प्रवेशाच्या वेळी, आणि तिला सरासरी गुणांची गरज नसते. फी भरण्याची ऐपत, माध्यम आणि मंडळ एवढ्यावर ती होऊन जाते. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना राहणारी दोन मुले त्यानंतर दहावीपर्यंत एका बाकावर बसत नाहीत. ओडिशा आणि राजस्थानातल्या नववीच्या मुलांना ‘टिम्स’ या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय चाचणीतले प्रश्न घालून एक तुलना झाली होती. सरासरी खालचीच निघाली, पण त्याहून लक्षात राहिले ते वरच्या आणि खालच्या मुलांमधले अंतर. तुलनेतल्या देशांत केवळ दक्षिण आफ्रिकेत ते याहून मोठे होते. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांच्या प्रमुखपदी भारतीय दिसतात आणि पाचवीतल्या मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही, या दोन गोष्टींत आपल्याला विरोधाभास वाटतो. मला त्या एकाच व्यवस्थेची दोन फळे वाटतात. चाळणी उत्तम काम करते आहे.

या चाळणीचा इतिहास पुण्याला तरी सांगायला नको. वरच्या वर्गाला शिकवावे, ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हे इंग्रज सरकारचे धोरण होते. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्याच्यावर नेमके बोट ठेवले: महसूल भरतो शेतकरी आणि त्यातून शिकतात वरच्या वर्गांची मुले, तेव्हा निदान बाराव्या वर्षापर्यंत सर्वांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण द्या. १९०६ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात ते सक्तीचे केले. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. गोखले फर्ग्युसनमध्ये शिकवीत असत आणि त्यांनी शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तकही केले होते. हातच्याची वजाबाकी मुलांना कुठे अडते हे त्यांना ठाऊक असणार. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीचे प्राथमिक शिक्षण करून दाखवले. सबंध देशासाठी हक्क म्हणून ते लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडला. जपानने १८७२ मध्ये सर्वांच्या शिक्षणाचा पहिला कायदा केला होता. हे शतकाहूनही मोठे अंतर पिसाच्या कोणत्याही रकान्यात येत नाही, पण शाळेत येणाऱ्या मुलाची आजी शाळेत गेली होती की नाही, हे त्यातूनच ठरलेले असते.

आणि झिरपण्याचा तो सिद्धान्त आपण कागदावरून काढला असला तरी अभ्यासक्रमातून काढलेला नाही. शिक्षण आयुक्तालय, बालभारती, राज्य मंडळ, परीक्षा परिषद अशी महाराष्ट्राच्या शिक्षणाची सगळी कार्यालये याच शहरात आहेत, आणि या शहराचा शिक्षणविषयीचा विचार म्हणजे मुख्यतः पुढे जाणाऱ्याचा विचार. स्कॉलरशिपला किती मुले बसवली, किती लागली. दहावीला नव्वदच्या वर किती. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बावीस’ला जोडून ‘वीस दोन’ असे वाचन सुचवले गेले तेव्हा उसळलेला गदारोळ अनेकांना आठवत असेल. विषय समितीच्या प्रमुख होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. त्यांचे म्हणणे साधे होते: लिहिण्यात आधी दोन येतो आणि बोलण्यात आधी ‘बा’ येतो, शिवाय प्रत्येक संख्येचे नाव वेगळे पाठ करावे लागते, तिथे बरीच मुले अडखळतात. चिनी, जपानी भाषांत ‘दोन-दहा-दोन’ अशा सरळ धाटणीने संख्या बोलल्या जातात आणि त्याचा लहान मुलांना फायदा होतो, असे अभ्यासही आहेत; अर्थात जर्मन मुलेही आपल्यासारखीच उलटी संख्या बोलतात आणि तरून जातात, म्हणजे हे कारण छोटेच. बदल योग्य होता की नाही यावर मतभेद असू शकतात. परंतु त्या वादात कोट्या करणारे, भाषा बुडाली म्हणून लेख लिहिणारे आम्ही सगळे असे लोक होतो, ज्यांना लहानपणी त्रेसष्ट आणि छत्तीसमध्ये कधी गोंधळ झाला नव्हता. अडखळणाऱ्या मुलाच्या बाजूने काही केले की वर्गात पुढे बसणाऱ्यांना आपले काहीतरी गेल्यासारखे वाटते.

अडखळणाऱ्या मुलाला हात देण्याची विद्या आपल्याकडे नाही, असे मात्र नाही. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने पुढे मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत बालसखी नावाचा उपक्रम चालवला. वस्तीतल्याच, फारसे प्रशिक्षण नसलेल्या तरुण मुली तिसरी-चौथीतली मागे राहिलेली मुले रोज दोन तास वेगळी घेऊन बसत आणि त्यांना पक्के करून घेत. मानधन महिना पाचशे ते साडेसातशे रुपये. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी या उपक्रमाचे २००१ ते २००३ या काळात मोजमाप केले तेव्हा मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. मुलाची इयत्ता बाजूला ठेवून त्याला आज काय येते तिथून सुरुवात करायची, ही पद्धत त्यानंतर आफ्रिकेतल्या देशांनीही उचलली. त्याच संस्थेच्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये निम्मी, करोनानंतर २०२२ मध्ये सुमारे ४३ टक्के आणि २०२४ मध्ये सुमारे ४९ टक्के आढळली. औषध घरचेच आहे, निर्यातही होते. घरात मात्र ते अजून उपक्रम म्हणून वर्षातले काही आठवडे दिले जाते आणि मग पोर्शनची वेळ येते.

महाराष्ट्राने २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली आहे. जो अनुत्तीर्ण होईल त्याला दोन महिन्यांच्या आत जादा मार्गदर्शन आणि फेरपरीक्षा, त्यातही नापास झाला तर त्याच वर्गात. पुण्यातल्या माझ्या ओळखीच्या बहुतेकांनी या निर्णयाचे स्वागत केले; ‘आता तरी शिस्त लागेल’ असे ते म्हणतात. मला त्यातले जादा मार्गदर्शनाचे दोन महिने सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण नापास करणे सगळ्यांनाच जमते. मी जाते त्या शाळेत हे दोन महिने मे महिन्याच्या सुट्टीवर आले. शिक्षकांची अर्धी सुट्टी प्रशिक्षणात गेली, निम्मी मुले गावी गेली. सराव प्रश्नसंच पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले गेले आणि ज्यांच्या घरी फोन वडिलांबरोबर कामावर जातो त्यांना ते संध्याकाळी पाहायला मिळाले. जूनमध्ये फेरपरीक्षा झाली, बसलेली सगळी मुले उत्तीर्ण झाली आणि सहावीच्या गणिताचा पहिला पाठ वेळापत्रकात दिलेल्या दिवशी सुरू झाला.